डोकेदुखी आणि चेहऱ्याच्या दुखण्यासाठी नर्व ब्लॉक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भूलतज्ज्ञ आहे आणि आता फक्त जुनाट दुखण्यांचे रुग्ण पाहते. ओपीडीत, फोनवर आणि व्हॉट्सॲपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र लिहिले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एकच गोष्ट दोन ठिकाणी लागत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. स्वतःच्या उपचाराचा निर्णय मात्र ज्यांनी तुम्हाला तपासलंय त्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या. आणि डोकेदुखी अचानक किंवा नव्यानेच सुरू झाली असेल, तर बाकी सगळं सोडून आधी प्रश्न ६ वाचा.

१. नर्व ब्लॉक म्हणजे काय? रक्ताची नस बंद करतात का?

नाही. बोलताना आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही, त्यातून हा घोळ होतो. इथे नस म्हणजे मज्जातंतू, मेंदूकडे संवेदना नेणारी तार. तिच्या शेजारी बारीक सुईने भुलीचं औषध सोडलं की ती काही तास बधिर होते. दाढ काढताना दंतवैद्य जबड्यात इंजेक्शन देतात आणि अर्धा ओठ जड होतो, तोही नर्व ब्लॉकच. औषधंही त्याच घराण्यातली: लिग्नोकेन, बुपिव्हाकेन, रोपिव्हाकेन. काही वेळा सोबत थोडं स्टेरॉइड असतं.

ब्लॉकची कामं दोन. दुखणं कमी करणं हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरं म्हणजे दुखणं नेमकं कोणत्या नसेतून येतंय ते शोधणं. रुग्णाला पहिलं महत्त्वाचं वाटतं, मला दुसरं. याचं कारण प्रश्न ८ मध्ये आहे.

२. दुखतंय कपाळ आणि डोळ्यामागे. मग इंजेक्शन डोक्याच्या मागे का?

हा प्रश्न जवळजवळ रोज येतो, आणि अगदी रास्त आहे. चेहरा, कपाळ आणि मेंदूवरचं आवरण यांच्या संवेदना ट्रायजेमिनल नावाच्या पाचव्या नसेतून जातात. डोक्याच्या मागच्या भागाच्या संवेदना मानेतल्या वरच्या नसांमधून जातात. वाटा दोन, पण मेंदूच्या देठापासून मानेच्या वरच्या भागापर्यंत पसरलेल्या एका केंद्रात दोन्ही येऊन मिळतात, आणि पुष्कळदा त्याच त्या पेशींवर. दोन ओढे एका डोहात पडावेत तसं. डोहातलं पाणी कुठल्या ओढ्याचं हे मग सांगता येत नाही. म्हणून मानेतली कळ मेंदूला डोळ्यामागची वाटू शकते.

याचा फायदा उलट्या बाजूनेही होतो. मागच्या ओढ्याची आवक काही तास थांबवली, की खवळलेलं केंद्र शांत व्हायला मदत होते आणि कपाळातला ठणका उतरतो. डोक्याच्या मागे दिलेल्या इंजेक्शनने डोळ्यामागचं दुखणं ओसरताना पाहिलं की रुग्ण चकित होतात.

३. कोणत्या दुखण्याला कोणती नस?

सगळ्यात जास्त दिला जातो तो ग्रेटर ऑक्सिपिटल नसेचा ब्लॉक. ही मानेच्या दुसऱ्या मणक्याच्या पातळीवरून निघून डोक्याच्या मागून वर चढते. अर्धशिशी, क्लस्टर डोकेदुखी आणि ऑक्सिपिटल न्युराल्जिया (याच नसेतून उठणारी कळ) यांत हा ब्लॉक उपयोगी पडतो. क्लस्टर म्हणजे एकाच डोळ्याभोवती १५ मिनिटं ते ३ तास टिकणारी भयंकर कळ. डोळ्यातून पाणी येतं, आणि माणूस पडून न राहता खोलीत येरझाऱ्या घालतो. हे झटके टाळण्यासाठी याच जागी स्टेरॉइडसह दिलेल्या इंजेक्शनला अमेरिकन हेडेक सोसायटीच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत सर्वात वरच्या दर्जाची शिफारस आहे.

मानेतून उगम पावणाऱ्या डोकेदुखीत दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्यांमधल्या सांध्याची नस, म्हणजे थर्ड ऑक्सिपिटल, तपासावी लागते. कपाळावर नागीण येऊन गेल्यावर महिनोन्‌महिने आग होत राहिली, तर भुवईवरची सुप्राऑर्बिटल. गाल, वरचा ओठ आणि वरचे दात दुखत असतील तर मॅक्सिलरी, खालचा जबडा असेल तर मँडिब्युलर.

नाकाच्या मागे खोलवर, गालाच्या हाडाआड, स्फेनोपॅलेटाइन नावाची नसांची गाठ असते. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे डॉक्टर ग्रीनफिल्ड स्लुडर यांनी १९०८ मध्ये तिच्यातून येणाऱ्या दुखण्याचं वर्णन केलं आणि नाकातून औषध लावून ती बधिर करायची पद्धत रूढ केली. नाकात औषधात भिजवलेली काडी ठेवण्याची ती साधी रीत आजही वापरात आहे. नेमकेपणा हवा असेल तर गालाच्या बाजूने, यंत्रात पाहून सुई नेतात.

४. सोनोग्राफी, सी-आर्म, सीटी ही यंत्रं कशाला? दातांचे डॉक्टर तर नुसत्या हाताने देतात.

प्रामाणिक उत्तर असं, की सगळ्या ब्लॉकना यंत्र लागत नाही. साध्या अर्धशिशीत डोक्याच्या मागची नस बोटाने चाचपून, हाडाच्या खुणांवरून दिलेला ब्लॉकही चांगला लागू पडतो. गावातल्या डॉक्टरांना ते येत असेल तर केवळ यंत्रासाठी शहर गाठायची गरज नाही.

यंत्र लागतं ते दोन कारणांनी. एक म्हणजे सुरक्षितपणा. मानेच्या वरच्या भागात मेंदूला रक्त पुरवणारी व्हर्टिब्रल धमनी मणक्यातून वळसे घेत जाते. तिच्यात भुलीचं थोडंसं औषध गेलं तरी त्याच क्षणी फिट येऊ शकते. सोनोग्राफीत ती धमनी धडधडताना दिसते, डॉपलर लावला की रंगात दिसते, आणि सुईची वाट तिला टाळून आखता येते.

दुसरं कारण निदानाचं. चाचणी म्हणून ब्लॉक द्यायचा, तर औषध ठरलेल्या नसेपाशीच पडलं याची खात्री हवी. नाहीतर उत्तर कोणत्या नसेचं मिळालं हेच कळणार नाही.

पडद्यावर काय दिसतं तेही सांगते. प्रोब मानेच्या मधोमध ठेवून खाली सरकवला की दुसऱ्या मणक्याचं दोन शिंगांचं टोक दिसतं, आणि तीच आमची खूण. तिथून प्रोब थोडा तिरका केला की एकावर एक दोन स्नायू दिसतात. त्यांच्या फटीत एक काळसर चपटा ठिपका असतो, तांदळाच्या दाण्याएवढा. तीच नस. सुई तिच्या शेजारी थांबते, औषध सोडलं की दोन स्नायूंमधली फट हळूहळू फुगते आणि ठिपका औषधात तरंगायला लागतो. ते दिसलं की औषध योग्य जागी पडलं हे कळतं.

सोनोग्राफीला हाडापलीकडचं दिसत नाही. म्हणून कवटीच्या तळाशी, हाडातल्या भोकांपाशी जायचं असेल तर सी-आर्म, म्हणजे चालू एक्स-रे, किंवा सीटी लागतो. स्फेनोपॅलेटाइन गाठीची जागा बाजूने घेतलेल्या एक्स-रेत फुलदाणीसारखी दिसते. औषधाआधी थोडा कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेत दिसणारा द्रव, सोडून तो रक्तात वाहून तर जात नाही ना, हे पाहतात. आयोडिनच्या कॉन्ट्रास्टची पूर्वी रिॲक्शन आली असेल तर ते आधीच सांगा.

५. त्या दिवशी काय काय होतं? भूल देतात का?

पूर्ण भूल देत नाहीत. बहुतेक ब्लॉक जागेपणीच होतात, कारण सुई नसेजवळ गेल्यावर तुम्हाला काय जाणवतं हे आम्हाला ऐकायचं असतं. डोक्याच्या मागचा ब्लॉक ओपीडीत दहा-पंधरा मिनिटांत आटोपतो. केस कापत नाहीत, बाजूला सारतात. टोचताना चुरचुरतं, मग डोक्याच्या त्या बाजूला जड टोपी घातल्यासारखं वाटतं. औषध एका बाजूला साधारण २ ते ४ मिलि लागतं. नंतर अर्धा-एक तास बसवून ठेवतो.

गालातून किंवा कवटीच्या तळाशी जायचं असेल तर ऑपरेशन थिएटर, हातात सलाईनची सुई, नाडी-रक्तदाबाचा मॉनिटर आणि काही तास उपाशी पोट. ते डे केअर समजा.

त्या दिवशी गाडी चालवू नका, सोबत कोणीतरी आणा. खालच्या जबड्याचा ब्लॉक झाला असेल तर बधिरपणा उतरेपर्यंत गरम चहा नको. जीभ-ओठ भाजला किंवा चावला गेला तरी कळत नाही. भुवईच्या ब्लॉकनंतर पापणी सुजू शकते, काळीनिळीही होते, आठवडाभरात उतरते. थर्ड ऑक्सिपिटल ब्लॉकनंतर काही तास चालताना तोल गेल्यासारखं होतं. मान कुठे आहे याची खबर मेंदूला देणारी तार त्यात बधिर झालेली असते. आधी सांगून ठेवलं नाही तर माणूस घाबरतो.

६. ब्लॉकच्या आधी कोणती डोकेदुखी तातडीने दाखवायला हवी?

एका मिनिटाच्या आत कळस गाठणारी, आयुष्यात कधी नव्हती अशी डोकेदुखी. ताप आणि मान ताठ. हात-पाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं, दिसेनासं होणं, फिट येणं. डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारं दुखणं. कॅन्सर किंवा एचआयव्ही असलेल्या माणसाला नव्यानेच सुरू झालेलं. यात ब्लॉक शोधत बसू नका, इमर्जन्सीत जा.

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, केस विंचरताना कानशिलावर दुखणं आणि चावताना जबडा भरून येणं हे एकत्र असेल, तर तो टेम्पोरल धमनीचा दाह असू शकतो. त्यात उपचाराला उशीर झाला तर दृष्टी जाते, ती परत येत नाही. सुंठ-वेखंड उगाळून लेप लावत आठवडे काढलेले रुग्ण पाहिलेत, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगते.

७. आराम किती दिवस टिकतो?

भुलीच्या औषधाचा बधिरपणा काही तासांत उतरतो. डोकेदुखीचा आराम मात्र अनेकांत काही दिवस ते काही आठवडे टिकतो, औषध शरीरातून गेल्यावरही. प्रश्न २ मधला डोह एकदा शांत झाला की लगेच खवळत नाही, असं त्याचं सोपं कारण. कोणाला तीन महिने मिळतात, कोणाला तीन दिवस. कायमचं बरं होण्याचं आश्वासन कोणी दिलं तर सावध राहा.

अर्धशिशीत ब्लॉक एकटा पुरत नाही. झोप, जेवणाच्या वेळा आणि रोजच्या प्रतिबंधक गोळ्या यांचं काम चालूच राहतं.

८. जागा बधिर झाली पण दुखणं तसंच आहे. ब्लॉक फसला का?

नाही, उत्तर मिळालं. बधिरपणा आला म्हणजे नस बंद झाली. तरी दुखणं हललं नाही म्हणजे ते त्या नसेतून येत नाहीये. मग आपण दुसरीकडे बघतो, आणि पुढचा एखादा मोठा, न उलटवता येणारा उपचार चुकीच्या नसेवर होता होता वाचतो.

म्हणून पहिले सहा तास तुमचे. घरी जाऊन झोपून जाऊ नका. वहीत दर तासाला ० ते १० मध्ये दुखण्याचा आकडा लिहा, आणि ज्या हालचालीने एरवी दुखतं ती करून बघा: मान वळवा, दात घासा, घास चावा. "बरं वाटलं" एवढ्यावर मला पुढचं ठरवता येत नाही. "आधी ८, दोन तासांनी २, रात्री नऊला पुन्हा ७" यावर येतं.

९. तीन दाढा काढल्या तरी गालात करंट बसतो. हे काय?

बहुधा ट्रायजेमिनल न्युराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या पाचव्या नसेचं दुखणं. क्षणभराचे, फार तर दोन मिनिटांचे विजेचे झटके. तोंड धुताना, दाढी करताना, वारा लागला तरी, भाकरीचा तुकडा मोडून चावताना. दारातून येणारा असा रुग्ण मी पुष्कळदा बोलायच्या आधीच ओळखते: पदर किंवा रुमाल गालापासून लांब धरलेला. आणि जागा दाखवायला सांगितली तर बोट नाकपुडीपाशी नेऊन हवेतच थांबवतो, टेकवत नाही.

दुखणं दातातच वाटतं, म्हणून चांगले दात काढले जातात. यात बहुतेकदा कोणाचा हलगर्जीपणा नसतो, वरच्या आणि खालच्या दातांची नस तीच आहे. पण एक दात काढून झटके थांबले नाहीत, तर दुसरा काढण्याआधी न्युरॉलॉजिस्टना दाखवा.

एमआरआय हवाच. बहुतेक वेळा मेंदूतून निघतानाच्या जागी एखादी धमनी नसेवर टेकलेली असते, पण कधी गाठ असते, कधी मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे नसांवरचं आवरण खराब करणारा आजार. वय कमी असेल किंवा दोन्ही गाल दुखत असतील तर मल्टिपल स्क्लेरोसिसचा संशय जास्त. पहिला उपचार गोळीचा, कार्बामेझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन. त्यावर रक्तातल्या पेशी आणि सोडियम तपासत राहावं लागतं. एचएलए-बी १५०२ हा जनुकप्रकार आशियाई लोकांत जास्त आढळतो. तो असेल तर कार्बामेझेपिनने त्वचेची जिवावर बेतणारी रिॲक्शन येऊ शकते. गोळी सुरू केल्यावर अंगावर पुरळ, ताप किंवा तोंडात फोड आले तर ती थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

यात ब्लॉकची जागा मर्यादित आहे. खाणंपिणं बंद झालेल्या माणसाला घास उतरावा, गोळ्यांचा परिणाम सुरू होईपर्यंत वेळ मिळावा, आणि कोणती शाखा दुखतेय ते नक्की व्हावं, एवढ्यासाठी. गोळ्या थकल्या की नसेवरचे उपचार किंवा कवटी उघडून धमनी बाजूला सारण्याचं ऑपरेशन. प्रकृती चांगली असेल आणि एमआरआयमध्ये धमनी स्पष्ट दिसत असेल, तर मी स्वतः रुग्णाला आधी न्युरोसर्जनकडे पाठवते.

१०. रेडिओफ्रिक्वेन्सीत नस जाळतात म्हणे. तोंड वाकडं होईल का?

चेहरा हलवणारी नस सातवी, फेशियल. आपण काम करतो ते पाचवीवर, जी मुख्यतः संवेदनेची आहे. त्यामुळे लकव्यासारखं तोंड वाकडं होणं अपेक्षित नसतं. जबड्याजवळच्या ब्लॉकमध्ये भुलीचं औषध सातवीपर्यंत पसरलं तर काही तास चेहरा ढिला पडू शकतो, तो उतरतो.

ट्रायजेमिनल न्युराल्जियासाठी सी-आर्मखाली गालातून सुई कवटीच्या तळाच्या फोरामेन ओव्हाले या भोकात नेतात आणि टोक ठरावीक तापमानाला तापवतात. ही आधुनिक रीत स्वीट आणि वेप्सिक यांनी १९७४ मध्ये मांडली. त्याच वाटेने छोटा फुगा फुगवून नस दाबायची पद्धत १९८३ ची. आराम लगेच मिळतो, पण किंमत आहे: गाल बधिर राहतो, चावण्याचा जोर कमी होऊ शकतो, आणि डोळ्याच्या शाखेला धक्का लागला तर बुबुळाची संवेदना जाते. मग डोळ्यात कचरा गेला तरी कळत नाही. क्वचित बधिर भागातच न थांबणारं दुखणं सुरू होतं, ते फार छळतं. वर्षांनी मूळ दुखणं परतूही शकतं. संमतिपत्रावर सही करण्याआधी हे सगळं विचारा.

रेडिओफ्रिक्वेन्सीच्या पल्स्ड, म्हणजे थांबून थांबून ऊर्जा देण्याच्या, प्रकारात तापमान ४२ अंशांच्या वर जाऊ देत नाहीत, नस जळत नाही. तो जास्त सौम्य आहे, पण ट्रायजेमिनल न्युराल्जियात जाळण्याइतका खात्रीचा नाही.

११. मला मधुमेह आहे. स्टेरॉइड चालेल?

चालेल, पण साखर काही दिवस वाढते. घरी ग्लुकोमीटरवर तपासत राहा आणि आपल्या डॉक्टरांना आधी कळवा. अर्धशिशीत स्टेरॉइडशिवायचा ब्लॉकही बहुतेकदा पुरतो, त्यामुळे साखर आटोक्यात नसेल तर मी ते वगळते. त्याच जागी वारंवार स्टेरॉइड दिलं तर कातडी पातळ होऊन खळगा पडतो, तेवढे केसही जातात. म्हणून ते सहसा तीन महिन्यांच्या आत पुन्हा देत नाही.

१२. रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे. थांबवू का?

स्वतःहून अजिबात नाही. स्टेंट टाकलेल्या माणसाने गोळी परस्पर बंद करणं हे डोकेदुखीपेक्षा कितीतरी घातक आहे. डोक्याच्या मागचा ब्लॉक वरवरचा असतो, रक्त आलं तर बोटाने दाबून थांबतं, म्हणून पुष्कळदा गोळी न थांबवता करता येतो. कवटीच्या तळाशी मात्र दाबायला जागाच नाही. तिथे हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच तारीख ठरते.

१३. गरोदर आहे आणि अर्धशिशी उठली आहे. ब्लॉक घेता येतो?

गरोदरपणात अनेक गोळ्या बंद असतात, त्यामुळे इथे ब्लॉक खरोखर उपयोगी पडतो. फक्त लिग्नोकेन वापरून, स्टेरॉइड न घालता, सोनोग्राफीवर किंवा हाताने डोक्याच्या मागचा ब्लॉक देतात. एक्स-रे लागणारे ब्लॉक पुढे ढकलतात. मात्र विसाव्या आठवड्यानंतर नवी डोकेदुखी सुरू झाली तर आधी रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन तपासा.

१४. सिझेरियननंतर बसलं की डोकं फुटतं, आडवं झालं की थांबतं. यावर ब्लॉक आहे का?

कण्यात भूल दिल्यावर सुईच्या भोकातून कण्यातलं पाणी झिरपत राहिलं तर असं होतं, बहुधा पहिल्या पाच दिवसांत. पडून राहणं, पाणी आणि साध्या गोळ्यांनी पुष्कळ जणींना उतरतं. न उतरल्यास नाकातून स्फेनोपॅलेटाइन किंवा डोक्याच्या मागचा ब्लॉक करून पाहतात, काहींना बरा आराम मिळतो. दुखणं तीव्र असेल तर स्वतःचंच रक्त कण्यात सोडण्याचा ब्लड पॅच हा खात्रीचा उपाय.

पण आडवं झाल्यावरही दुखायला लागलं, नजर धूसर झाली किंवा फिट आली, तर मेंदूच्या शिरेत गुठळी असू शकते. बाळंतिणीची डोकेदुखी "जागरणाची असेल" म्हणून सोडू नका.

१५. डोक्याचं ऑपरेशन झालंय, हाडाचा तुकडा काढलेला आहे.

मग त्या बाजूला इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा आणि सीटी दाखवा. हाड नसलेल्या जागी औषध थेट मेंदूच्या आवरणात जाऊ शकतं. केसांखालची खूण दिसत नाही, त्यामुळे हे राहून जातं. शंट, म्हणजे मेंदूतलं पाणी वाहून नेणारी नळी, असेल तर तेही सांगा.

१६. गिळताना घशात आणि कानात झटका बसतो. तोही पाचव्या नसेचाच का?

नाही, ती बहुधा नववी नस, ग्लॉसोफॅरिंजियल. जांभई, खोकला, थंड पाण्याचा घोट यांनी कळ उठते. कधी तिच्यासोबत नाडी मंदावून माणूस बेशुद्ध पडतो, म्हणून चक्कर येत असेल तर ईसीजी आधी. तिचा ब्लॉक मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या शेजारी असतो, तो यंत्राशिवाय देऊ नये. आपल्याकडे तंबाखू खाणाऱ्याच्या घशातलं किंवा जिभेतलं दुखणं आधी कॅन्सरसाठी तपासावं लागतं. कॅन्सर असेल तरी ब्लॉक देता येतात, आणि शेवटच्या टप्प्यात ते मोठा आधार ठरतात.

१७. बोटॉक्स आणि ब्लॉक एकच का?

नाही. बोटॉक्स जुनाट अर्धशिशीसाठी, म्हणजे महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखणाऱ्यांसाठी. ठरलेल्या ३१ जागी १५५ युनिट, दर बारा आठवड्यांनी. परिणाम यायला आठवडे लागतात. ब्लॉकचा परिणाम मिनिटांत कळतो.

१८. रोज पेनकिलर घेते. ब्लॉकनंतर बंद होईल?

महिन्यात १५ दिवस साधी पेनकिलर किंवा १० दिवस ट्रिप्टान (अर्धशिशीच्या झटक्यावरच्या गोळ्या) वा मिश्र गोळ्या, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखत असण्याची शक्यता आहे. त्या सोडताना पहिले काही दिवस दुखणं उसळतं आणि तिथेच बहुतेक जण हार मानतात. नेमक्या त्या दिवसांत ब्लॉक दिला तर ते सुसह्य होतात. किती गोळ्या घेता ते खरं सांगा. रागावायला कोणी बसलेलं नाही.

१९. पहिल्या ब्लॉकने दुखणं शून्य झालं, दुसऱ्याने काहीच नाही. असं कसं?

कारणं अनेक. दुसऱ्या वेळी औषध जागेवर पडलं नसेल, म्हणून दोन्ही वेळची चित्रं मागून घ्या आणि ताडून पाहा. पहिल्या वेळी झटका तसाही ओसरतच असेल. किंवा उपचार झाल्याच्या दिलाशानेही बरं वाटलं असेल. ते दुखणं खोटं होतं असा याचा अर्थ नाही, दिलाशाने खरं दुखणंही खरंच कमी होतं. म्हणूनच मानेच्या सांध्याची नस जाळायची ठरली तर आधी दोन वेगळ्या दिवशी चाचणी घेतात, एकदा थोडा वेळ टिकणाऱ्या औषधाने आणि एकदा जास्त वेळ टिकणाऱ्या. दोन्ही वेळा आराम मिळाला, आणि औषधाच्या मुदतीइतकाच टिकला, तर त्या नसेवर बोट ठेवता येतं. पहिल्यानंतर बरं वाटलं तर "दुसरी सुई कशाला, थेट जाळून टाका" असा आग्रह होतो. तो मी मानत नाही. दोन्ही दिवसांच्या नोंदींची वही घेऊन या, मग तारीख ठरवू.